दुसरा नंबर

ताईला त्या वाफेवाल्यांचा अगदी वीट आला होता. ती ज्या दुकानात शिवणकाम करायची तिथे नाटकांचे कपडे भाड्याने मिळत. राजा म्हणा, शिपाई म्हणा, परी म्हणा, भूत म्हणा, जो लागेल तो मागच्या दांडीवर टांगलेला. अलीकडे नाटकं कमी झाली, राजांच्या झग्यांना कसर लागायला लागली, आणि मालक कपाळाला हात लावून बसलेला असताना हे नवं गिऱ्हाईक उगवलं. ते स्वतःला स्टीमपंक म्हणवायचे. मालकाची जीभ त्या शब्दाला वळेना, म्हणून त्याने त्यांचं नाव ठेवलं वाफेवाले.

पहिल्यांदा आल्या त्या कॅप्टनबाई. चांगल्या पन्नाशीच्या, केस आखूड, पाठ ताठ.

"कुठल्या काळातले कपडे हवेत?" ताईने विचारलं.

"जो काळ आलाच नाही, त्या काळातले," त्या म्हणाल्या.

ताईने मालकाकडे पाहिलं. मालकाने डोळ्यांनीच खुणावलं, गिऱ्हाईक आहे, हो म्हण.

मग कॅप्टनबाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि समजावून सांगितलं. समजा, विजेचं आणि पेट्रोलचं काही जमलंच नसतं. सगळं जग वाफेच्या इंजिनावरच पुढे गेलं असतं. वाफेवर उडणारी जहाजं, वाफेवर चालणारे घोडे, वाफेवर लिहिणारी यंत्रं. आणि त्यात हिंडणारी माणसं पणजोबांच्या काळातल्या थाटाची. लांब कोट, उंच टोप्या, आवळलेल्या कंबरा, छातीवरून आडवे चामड्याचे पट्टे, कपाळावर वाऱ्यापासून डोळे वाचवणारे जाड काचेचे चष्मे. ते जग झालं नाही, तर आपण सुट्टीच्या दिवशी ते करायचं. एवढंच.

"एवढंच," ताई म्हणाली आणि मापाची पट्टी काढली.

एवढंच कसलं! एकेका कोटाला बावीस बटणं आणि प्रत्येक बटण पितळी. कॅप्टनबाई बँकेत कॅशियर होत्या, दिवसभर काचेमागे बसायच्या. सुट्टीच्या दिवशी मात्र त्या हवाई जहाज चालवत. दाताचे एक डॉक्टर होते, ते ढगांचे नकाशे काढत. प्रत्येकाला असा दुसरा जन्म होता, त्याचं नाव, त्याचा धंदा, त्याची सगळी हकीकत ठरलेली. आणि वर्षातून एकदा भरणाऱ्या त्यांच्या मेळ्यात एकमेकांना भेटले की त्या दुसऱ्या जन्माचीच विचारपूस करायची. खऱ्या जन्मात तू कोण, घरी काय चाललंय, हे तिथे विचारणं म्हणजे असभ्यपणा.

त्यांची भांडणंही अजब. अर्धे म्हणायचे, टोपीवर चार दातेरी चाकं चिकटवली की झालं. उरलेले अर्धे त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. जे चाक काही फिरवत नाही ते चाक म्हणजे भिंतीवर काढलेली खिडकी, असं कॅप्टनबाईंचं मत. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: यंत्र झाकायचं नाही. नळी, तार, साखळी, स्प्रिंग, जे काय असेल ते बाहेर दिसलं पाहिजे. प्लास्टिक दिसलं की नाकं मुरडायचे. पितळ नवं कोरं असेल तर मीठ आणि व्हिनेगर लावून ते जुनं करत बसायचे. ताईला याची मोठी गंमत वाटायची. तिच्या घरात सगळं आपोआपच जुनं होत होतं, त्याचं कधी कोणी कौतुक केलं नव्हतं.

पण दमायचं खरं कारण दुकानात नव्हतं, घरात होतं.

घरी तिचा धाकटा भाऊ. आईवडील मागेच गेले, राहिली ही दोघं. लहानपणापासून त्याला सगळे खटपट्या म्हणायचे, कारण घरातली एक वस्तू त्याने धड ठेवली नव्हती. रेडिओ उघड, कुलूप उघड, शेजाऱ्यांचा पंखा उघड. मोठा झाल्यावर तो खोकी बनवायच्या कारखान्यात लागला. आणि तिथल्या पुठ्ठा कापायच्या मशीनने त्याचा उजवा हात नेला, मनगटाच्या वरून.

हॉस्पिटलने एक हात दिला होता. रबराचा, मांसाच्या रंगाचा, वर नखंसुद्धा होती. कोणाच्या मांसाचा रंग होता देवाला ठाऊक, त्याच्या तर नव्हता. तो चढवून खटपट्या एकदाच कोपऱ्यावरच्या दुकानात पाव आणायला गेला. रांगेतल्या एका बाईने आधी तो हात पाहिला, मग त्याचं तोंड पाहिलं, आणि म्हणाली, "अरेरे, बिचारा. या, तुम्ही पुढे या." सगळी रांग बाजूला झाली. तो पाव न घेताच परत आला, हात काढून कपाटात टाकला, आणि दोन वर्षं झाली, दाराबाहेर त्याने पाऊल टाकलं नाही.

घरात बोलायचीही पंचाईत. बोलण्यात आपण किती वेळा हात आणतो ते हात गेल्याशिवाय कळत नाही. जरा हातभार लाव, हातासरशी करून टाक, मी तर बाई हात टेकले. ताईची जीभ वाक्याच्या मध्येच अडखळायची. एकदा तो म्हणाला, "टेक की. तुझे आहेत दोन." आणि मग दोन दिवस तोंडातून शब्द काढला नाही.

ताईचा त्याच्यावर जीव होता, खोटं कशाला सांगा. पण जीव असणं वेगळं आणि तो रोज सकाळ-संध्याकाळ काढून समोर ठेवणं वेगळं. दुकानातून यावं, भाजी निवडावी, त्याच्या शर्टाची बटणं लावावीत, त्याच्या गप्प बसण्याला आपणच उत्तरं द्यावीत. तो कधीच बाहेर पडला नाही तर? पन्नाशी, साठी, सत्तरी, अशीच? हा विचार मनात आला की ती उठून उगाच भांडी घासायला घ्यायची. काही झालं तरी त्याला त्या दारातून बाहेर काढायचं, एवढंच एक तिला हवं होतं. दुसरं काही मागण्याइतकी ताकदही उरली नव्हती.

त्या वर्षी मेळा जवळ आला आणि वाफेवाल्यांचा पितळकाम करणारा माणूस ऐन वेळी लेकीकडे निघून गेला. कॅप्टनबाई दुकानात येऊन ताईच्या विनवण्या करायला लागल्या. पट्ट्यांना बिजागऱ्या ठोकायच्यात, चष्म्यांना कड्या लावायच्यात, तूच बघ बाई. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं, म्हणून ताईने सगळं एका पोत्यात भरलं आणि घरी आणलं.

खटपट्याने पोतं पायानेच लवंडलं.

"हे काय गं?"

"वाफेवाल्यांचं."

त्याने डाव्या हाताने एक टोपी उचलली. वर पाच चाकं होती. त्याने एक फिरवून पाहिलं. फिरेना.

"हे कशाला?"

"शोभेला."

"शोभेला? चाक?" त्याच्या आवाजात दोन वर्षांत पहिल्यांदा चीड आली होती. "वेडी आहेत का ही माणसं?"

"आहेत जरा," ताई म्हणाली. "पण त्यांच्यातल्या अर्ध्यांना तुझ्यासारखाच राग येतो."

दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा टोपीवरची पाचही चाकं एकमेकांत अडकवलेली होती आणि एक फिरवलं की पाचही फिरत होती. तो खिडकीशी पाठ करून बसला होता, जसा काही त्याचा या प्रकरणाशी संबंधच नाही. ताईनेही विचारलं नाही. चार वर्षांच्या पोराने आपणहून दूध प्यायला घेतलं की आई जशी दुसरीकडे बघते, तशी ती कांदा चिरत राहिली.

मग रोज काहीतरी नवं. पकड गुडघ्यांत धरायची, तार दातांत, थोट्या हाताने वस्तू मांडीवर दाबून ठेवायची आणि डाव्या हाताने पाना फिरवायचा. शिव्या तर अशा देत होता की ताईला बरं वाटायचं. वाफेवाल्यांचं काम संपलं तरी हा थांबेना. घरातली मोडकी छत्री गायब झाली. कपाटाची एक बिजागरी गेली आणि दार वाकडं लटकायला लागलं. सायकलच्या ब्रेकची तार कुठून पैदा केली ते त्यालाच ठाऊक.

एका सुट्टीच्या दुपारी तो म्हणाला, "ताई, एक पट्टा शिवून दे. चामड्याचा. या खांद्यावरून पाठीवर, आणि फिरून इकडे काखेत."

तिला तेव्हाच कळलं. तिने पट्टी काढून माप घेतलं.

हात तयार झाला तो असा: छत्रीच्या काड्यांची बोटं, बिजागऱ्यांचे सांधे, मनगटाला पितळेचं कडं, त्यामागे थोटा हात झाकणारी चामड्याची नळी आणि तिथून कोपराच्या वरपर्यंत उघडीवाघडी तार. खांदा पुढे ढकलला की पट्टा तार ओढायचा आणि बोटं उघडायची. खांदा सैल सोडला की स्प्रिंगने मिटायची. अंगठा मात्र मध्येच अडकायचा. पहिल्या दिवशी त्याने अंडं उचललं आणि त्याचा चेंदामेंदा केला. दुसरंही फोडलं. तिसऱ्या वेळी ताई म्हणाली, "अरे, बटाट्यावर शीक की, मेल्या!" आणि मग दोघंही हसली. हसता हसता ताईला रडू आलं, ते तिने कांद्यावर ढकललं. त्या दिवशी कांदा चिरलेलाच नव्हता.

मेळ्याच्या आदल्या दिवशी तिने विषय काढला.

"उद्या चल."

"नाही."

"तिथे सगळ्यांनीच काही ना काही लावलेलं असतं. एकाला तर शेपूट आहे."

"शेपूट?"

"चावी दिली की हलते."

त्याने अडकणारा अंगठा दोनदा मागेपुढे केला. मग म्हणाला, "कोणाला सांगायचं नाही. तिथे मी फक्त हात बनवून लावलेला माणूस. बाकीच्यांसारखा. ताई, ऐक, एकाने जरी ते 'बिचारा'वालं तोंड केलं ना, तर मी परत या दाराबाहेर पडणार नाही. मग तूही पुन्हा चल म्हणायचं नाहीस."

"नाही म्हणणार."

"आणि तू बोलायचं नाहीस. कोणाशीच. माझ्याबद्दल."

"शपथ," ताई म्हणाली.

मेळा भरायचा एका जुन्या गोदामात. उंच पत्र्याचं छप्पर, विटांच्या भिंती, आणि आत हे सगळे आलेच नसलेल्या काळातले लोक. कोणाच्या पाठीवर तांब्याचा बंब, कोणाच्या खांद्यावर पितळी घुबड. एका बाईच्या टोपीवर दिवा होता आणि टोपीतून खरोखरचा धूर निघत होता. ताईने गेल्या तीन महिन्यांत शिवलेले कोट इकडून तिकडे फिरत होते आणि तिला प्रत्येकाच्या काखेतली शिवण दिसत होती. खटपट्या दारातच थांबला. त्याच्या अंगावर तिने शिवलेला तपकिरी कोट होता, उजवी बाही कोपरापासून कापलेली, म्हणजे हात झाकला जाऊ नये.

दिवेवाली बाई समोरून आली. तिची नजर हातावर गेली.

"अगंबाई! ही बोटं छत्रीची आहेत ना?" बाई किंचाळलीच. "अहो, इकडे या सगळे! हे बघा!"

आणि आले की सगळे. आजवर ज्याने ज्याने त्याचा तुटका हात पाहिला होता त्याने आधी हाताकडे आणि मग पटकन भिंतीकडे पाहिलं होतं. इथे लोक वाकले. भिंगं काढली. एकाने तर गुडघे टेकून खालून पाहिलं. उघडा बरं, मिटा बरं, तार कुठून आणली, स्प्रिंग कसली? खटपट्या सांगत होता. आधी दोन-दोन शब्दांत, मग पुरी वाक्यं, मग तर कोणाला बोलूच देईना. "अंगठा जरा अडकतो," तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि त्यात संकोच नव्हता, कारागिराची कुरकुर होती.

"आणि हात गेला कसा, दर्यावर्दी?" डॉक्टरांनी त्यांच्या ढगांच्या नकाशेवाल्या आवाजात विचारलं.

ताई एक पाऊल पुढे आली.

"वादळात," खटपट्या म्हणाला. "जहाजाच्या पंख्यात टोपी अडकली होती. काढायला गेलो."

"मग टोपी वाचली?"

"टोपी वाचली."

सगळे खो खो हसले. तोही हसला, मान मागे टाकून, लहानपणी हसायचा तसा. ताई मागे सरकत सरकत कपड्यांच्या पेट्यांपाशी गेली आणि एका पेटीवर बसली. हात कसा गेला हे त्याने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. तिला ते कारखान्याच्या माणसाकडून कळलं होतं. आज एका थापेच्या आडून का होईना, तो बोलला होता. तिचे डोळे भरून आले, आणि बसल्या बसल्या तिला अशी काही झोप यायला लागली की तिने पेटीची कडी घट्ट धरून ठेवली.

दुपारी मेळ्यात आलेल्या यंत्रांच्या स्पर्धेचा निकाल लागला. कॅप्टनबाई लाकडी चौथऱ्यावर चढल्या. तिसरा नंबर पितळी घुबडाला. दुसरा नंबर वादळातल्या हाताला. पहिला एका आजींना. त्यांनी चहा ओतायचं यंत्र केलं होतं, किटली आपणहून उठायची, वाकायची, कप भरायची आणि एक थेंब न सांडता परत जागेवर बसायची.

"ताई, दुसरा! दुसरा नंबर!" खटपट्या गोदामाच्या त्या टोकाकडून ओरडला. बक्षीस म्हणून लांब नाकाची तेलाची कुपी होती आणि ती त्याने पितळी बोटांनीच घेतली.

आता वाफेवाल्यांचा एक रिवाज होता. ज्याला बक्षीस मिळालं त्याने आपलं यंत्र सगळ्यांसमोर उघडून दाखवायचं, म्हणजे आत काही लबाडी नाही हे कळावं. आजींनी किटली उघडली, आतलं वजन दाखवलं, टाळ्या घेतल्या. मग डॉक्टर हसत हसत खटपट्याकडे आले.

"चला, आता खरा हात काढा बाहेर. बघू तर कुठे दडवलाय! कोपरात दुमडलाय की काय? मला तर दिसतच नाही, कमाल केलीत!"

आणि त्यांनी बाही चाचपायला सुरुवात केली. मनात काडीचं वाईट नव्हतं. तिथे जमलेल्या प्रत्येकाचं प्रत्येक अंग खोटं होतं, शेपूट खोटी, घुबड खोटं, मग हा हात तेवढा खरोखरच गेलेला असेल हे त्यांच्या डोक्यात यावं तरी कसं? हाताला हात लागेना तसं त्यांना आणखीच कौतुक वाटायला लागलं. त्यांनी पितळी कडं धरून ओढलं. खांद्यावरचा पट्टा ताणला गेला, बकल मानेजवळ रुतलं, खटपट्याचं तोंड वेदनेने वाकडं झालं. तो काहीतरी बोलायला गेला.

"अहो, ओढू नका!" ताई पेटीवरून उठून ओरडली. "नाहीये हो त्याला हात! खरंच नाहीये!"

गोदाम एकदम चिडीचूप. आजींची किटली तेवढी आपल्या आपण वाकली आणि परत बसली.

डॉक्टरांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. आणि ताईच्या देखत ते तोंड आलं. आधी डॉक्टरांवर, मग दिवेवालीवर, मग एकेक करत सगळ्यांवर. भुवया वर, ओठ आत, मान किंचित कलती. रांगेतल्या त्या बाईचं तोंड, शंभर माणसांनी केलेलं. खटपट्या त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो ताईकडे बघत होता, आणि ताईला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं.

कॅप्टनबाईंनी रुमाल काढला. बाजूच्या दोघांशी कुजबुजल्या. मग घसा साफ करून म्हणाल्या, "आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. असं... एवढं सगळं सोसून ज्यांनी हे केलं, त्यांना आम्ही दुसरा नंबर देणं बरं दिसत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. पहिला नंबर त्यांना."

टाळ्या सुरू झाल्या, ओल्या, जड. आजींनी निमूटपणे आपलं बक्षीस कॅप्टनबाईंच्या हातात दिलं.

"थांबा," खटपट्या म्हणाला.

टाळ्या थांबल्या.

"मघाशी मी दुसरा होतो ना?"

"हो, पण..."

"मघापासून यंत्रात काय बदललं?"

कॅप्टनबाईंनी बाजूच्या दोघांकडे पाहिलं.

"सांगा की. अंगठा मघाशी अडकत होता, आताही अडकतोय." त्याने खांदा पुढे ढकलला, बोटं उघडली, अंगठा अर्ध्यात अडला. "हे बघा. आणि आजींची किटली मी सकाळपासून बघतोय, एक थेंब सांडलेला नाही. मग मी पहिला कसा आलो?"

"अहो, तुमचं दुःख..."

"दुःखाची स्पर्धा आहे का ही? असेल तर तसं सांगा, पुढच्या वेळी तिच्यात नाव देतो. तिथे बघा कसा पहिला येतो ते!" त्याचा आवाज पत्र्याला जाऊन लागला. "ही यंत्रांची आहे. माझा दुसरा नंबर आहे. तो मला परत द्या. माझा आहे तो!"

क्षणभर कोणाला कळेना हसावं की रडावं. मग आजीच खुदकन हसल्या.

"बरोबर बोलतोय पोरगा. दे गं बाई ते इकडे, माझं आहे." आणि त्यांनी कॅप्टनबाईंच्या हातातून आपलं बक्षीस हिसकावून घेतलं. "आणि काय रे, अंगठा अडकणार नाही तर काय होईल? तार तू आतल्या बाजूने घेतलीस. बाहेरून घ्यायची."

"बाहेरून घेतली तर कोटाला घासते."

"मग कोट काप!"

"कोट बहिणीने शिवलाय, कापेन कसा?"

"मग अडकू दे जन्मभर!"

आणि जुंपली की हो दोघांची. दिवेवाली मध्ये पडली, तार कुठूनच नको, साखळी लाव म्हणाली. घुबडवाला साखळीवर खवळला. डॉक्टर बिचारे घाम पुसत "माफ करा, मला खरंच..." म्हणायला आले, तर खटपट्या त्यांच्यावरच घसरला, "डॉक्टर, दातसुद्धा असेच ओढता का? मग तोंड उघडतं तरी कोण तुमच्यापुढे?" सगळं गोदाम हसलं. अंगठ्यावरून भांडणाऱ्या माणसाकडे बघून ते तोंड करता येत नाही. करून बघा कोणीही. जमत नाही.

जरा वेळाने तो ताईपाशी आला. हसू पुसलेलं होतं.

"शपथ घेतली होतीस."

"तुला लागत होतं रे."

"मला लागत होतं. मला. मी बोललो असतो ना? तोंड उघडलंच होतं मी. दोन वर्षं तूच बोलतेस, कारखान्याशी तू, डॉक्टरशी तू, शेजाऱ्यांशी तू..."

"मग कोणी बोलायचं होतं?" ताईचा बांध फुटला. "तू बोलत होतास? भिंतीकडे तोंड करून बसला होतास! मी बोलले नसते तर आपण दोघंही मुकी झालो असतो त्या घरात. दमले रे मी. तुला कळतं का, दमले मी!"

हे तिने आजवर कधी म्हटलं नव्हतं. त्याने मान खाली घातली, पितळी बोटं एकदा उघडली, मिटली.

"जा घरी," तो म्हणाला. राग तसाच होता, पण आवाज खाली आला होता. "जाऊन झोप."

"आणि तू?"

"आजी अंगठा सोडवून बघणार आहेत. मी येईन माझा माझा."

"अरे पण बस बदलावी लागते, आणि गर्दीत कोणी..."

"ताई."

तिने पिशवी उचलली. चुकलेच, असं म्हणायचं होतं, तेही राहून गेलं. मागे वळून न बघता ती गोदामाबाहेर पडली, कारण बघितलं असतं तर ती गेली नसती.

बसमध्ये सगळा वेळ जिवाला घोर. चढताना तोल गेला तर? कोणी पुढे बसायला जागा दिली तर? घराच्या पायऱ्या चढेपर्यंत तिचे पाय शिशाचे झाले होते. रोजच्या सवयीने तिने खांद्याने दार ढकललं. दार हललं नाही. पुन्हा ढकललं. मग वर पाहिलं तर कुलूप.

किल्ली तिच्याकडे नव्हतीच. दोन वर्षांत तिला किल्ली कधी लागलीच नव्हती. घरात सदा माणूस. सकाळी निघताना कुलूप त्यानेच लावलं होतं आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली होती. ताई कुलपाकडे बघत राहिली, मग तिथेच पायरीवर बसली.

शेजारीणबाई खालून भाजी घेऊन येत होत्या. त्यांनी तिला पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. "अगं, बाहेर का बसलीस? दार उघडत नाही का तो? बरा आहे ना? हाक मारू का कोणाला?"

"घरी नाहीये तो," ताई म्हणाली.

"घरी नाहीये? म्हणजे काय? मग आहे कुठे?"

ताईने मान वर केली. इतका साधा शब्द, कुठल्याही घरातली बाई दिवसातून दहा वेळा म्हणते तो, तिने दोन वर्षांत एकदाही म्हटला नव्हता.

"बाहेर गेलाय," ती म्हणाली. "येईल उशिरा." आणि कुलूप लावलेल्या दाराला पाठ टेकून तिने डोळे मिटले.